साठावा हिस्सा



पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले, ते डेव्हिड ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्याच्या देणगीच्या बळावर, हे आपण जाणताच. परंतु यहुदी धर्माने रोग्याविषयी सांगितलेले कर्तव्य देणगीने संपत नाही. पैसा पाठवता येतो; बिछान्यापाशी मात्र स्वतः जावे लागते. या कर्तव्याला हिब्रूत ‘बिकुर खोलिम’ म्हणतात. आपण त्याला समाचाराला जाणे म्हणू. मराठीत ‘समाचार घेणे’ याचे दोन अर्थ होतात, आणि रोग्याच्या वाट्याला पुष्कळदा दुसराच येतो! तो येऊ नये म्हणून यहुदी आचार्यांनी किती बारकाईने विचार केला, तेवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

तालमुदातील ‘नेदारिम’ या प्रकरणात रब्बी अकिवांची कथा आहे. त्यांचा एक शिष्य आजारी पडला. विद्वानांपैकी कोणीही तिकडे फिरकले नाही. अकिवा स्वतः गेले. ते आले म्हणून खोली झाडली गेली, पाणी शिंपडले गेले, आणि शिष्य बरा झाला. गुरूंनी आपल्याला जीवदान दिले, असे तो म्हणाला. बाहेर येऊन अकिवांनी शिकवले, की जो रोग्याच्या समाचाराला जात नाही तो जणू रक्तपातच करतो. या कथेत औषध नाही, चमत्कार नाही. आहे तो केवळ केरसुणीचा हात.

तेथेच असेही म्हटले आहे, की भेटीला जाणारा रोग्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. यावर कोणी शंका काढली, मग साठ जणांनी जावे, म्हणजे रोगी उठून बसेल! उत्तर मिळाले, प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो. म्हणजे दुखणे हलके होते, शून्य होत नाही. पाहुण्याने आपण वैद्य आहोत असे समजू नये, हा त्यातला बोध आम्हांला दिसतो.

पुढे योसेफ कारो यांचा ‘शुल्खान आरुख’ हा आचारग्रंथ १५६५ साली व्हेनिसला छापला गेला. त्यात व त्यावरील टीपांत नियम आहेत ते असे. जवळच्यांनी लगेच जावे, परक्यांनी तीन दिवस थांबावे. दुखणे एकाएकी बळावले तर मात्र सर्वांनीच जावे. रोगी जमिनीवर निजला असेल तर उंच आसनावर बसू नये. ईश्वराचे सान्निध्य त्याच्या उशाशी असते. पोटाच्या विकाराने ज्याला लाज वाटेल, किंवा डोके दुखून ज्याला बोलणे सोसवत नाही, त्याच्या खोलीत शिरू नये. बाहेर थांबावे, झाडलोट करावयाची आहे का, पाणी शिंपडावयाचे आहे का, असे विचारावे, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

बाराव्या शतकातील मायमोनिदीस यांनी दिवसातून कितीही वेळा जाण्याला पुण्य मानले. अट एकच, रोग्याला त्रास होता कामा नये.

श्रोतेहो, आपण जातो ते कोणासाठी? लोकांत आपले नाव राहावे म्हणून, की त्या अंथरुणावरच्या माणसासाठी? दारापाशी क्षणभर थांबून एवढे स्वतःला विचारावे. उत्तर दुसरे असेल, तर मग दारातून परतलेला माणूसही साठावा हिस्सा उचलूनच परततो.