पापलेटची लांबी



चिटणीसबाईंनी मला माशांच्या पाककृतींवर बोलावयास सांगितले होते. परंतु मासा रांधणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. समुद्रकाठी जन्मलेली बहुधा मी एकटीच. माझे माहेर करंजा. आपले वाशीमकडचे कारंजा नव्हे, हे उरणजवळचे. तेव्हा मासा कढईत पडण्यापूर्वीची हकीकत सांगते.

माझे वडील डोल लावीत. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे लांब जाळे. ते जागचे हलत नाही. भरती-ओहोटी जे आणील ते घ्यावयाचे. पुढे दादाने कर्ज काढून ट्रॉलर घेतला. त्याचे जाळेही पिशवीच, पण ती इंजिनाच्या जोरावर तळावरून ओढावयाची. तोंड उघडे राहावे म्हणून दोन बाजूंस जड फळ्या, आणि ती तळाला घासत जावी म्हणून खालच्या दोराला वजन. लक्ष सारे कोळंबीवर. कोळंबी परदेशी जाते, रोख पैसा आणते, आणि ती राहते तळाशी. म्हणून तळ खरवडावयाचा.

तो तळ म्हणजे नुसता चिखल नव्हे. तेथले किडे, खेकडे, शिंपल्या यांवर लहान मासे वाढतात. आपल्या भंडारा-गोंदियाकडील ढिवरांना हे शिकवावे लागत नाही. तलावातल्या पाणवनस्पती गेल्या की देशी मासा जातो हे ओळखून तेथील काही गावांतल्या बायकांनी त्या पुन्हा लावल्या. समुद्राच्या तळाशी लावणी कोण करणार?

एकदा माहेरी गेले असता बंदरावर पाहिले. कोळंबीच्या पाट्या एकीकडे आणि दुसरीकडे बोटभर पिल्लांचा मोठा ढीग. पापलेट, घोळ, कितीतरी जातींची. त्यांची भुकटी होऊन ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मी म्हटले, "दादा, ही मोठी झाली असती तर?" तो म्हणाला, "मी सोडली तर मागचा ट्रॉलर धरील. आणि बँकेचा हप्ता तू भरशील का?" मला उत्तर सुचले नाही. वहिनी मात्र तेथेच रिकामी पाटी घेऊन उभी होती. बाजारात बसून मासा विकणारी ती. तिची पाटी पूर्वीसारखी भरत नाही. आणि खरे सांगावयाचे तर वडिलांच्या डोलीतही पिल्ले येतच.

समुद्र आटत नाही, असे आमच्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडलाही कॉड माशाविषयी असेच वाटे. मोठ्या ट्रॉलरांनी तो असा उपसला की १९९२ साली तेथे त्याची मासेमारीच बंद करावी लागली.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ट्रॉलरला मनाई आहे, पावसाळ्यात बंदी आहे. पण राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत, आणि रात्रीच्या काळोखात पहारा ठेवणार कोण? २०२३ साली पापलेट हा राज्यमासा ठरला. ही घोषणा करणारे मंत्री सुधीर मुनगंटीवार आपल्या चंद्रपूरचे, म्हणून मला अंमळ अधिकच आनंद झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण आपल्या लिहावयाच्या पेनाएवढी. त्याहून लहान धरू नये.

आता कबुली देते. गेल्या महिन्यातल्या भिशीला मी बाजारातून पापलेट आणले. लहान होते, म्हणून स्वस्त पडले. घरी आल्यावर सहज पेन लावून पाहिले, तर दहांपैकी सहा त्याहून आखूड. परत नेऊन दिले नाहीत, तळून वाढले. खाणाऱ्या येथेच पुढे बसल्या आहेत आणि त्यांनी चवीची तारीफही केली होती.

हल्ली मी आधी पर्समधले पेन काढते, मग भाव विचारते. मासेवाला हसतो. पण परवा मी पोचण्यापूर्वीच त्याने लहान पापलेट पाटीच्या तळाशी सरकविले होते.