काम नसताना डोंगरावर

(परभणी जिल्ह्यातील स्त्री-कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मी जिंतूरची. परभणी जिल्हा म्हटलं की गोदाकाठची काळी, सपाट जमीन डोळ्यांपुढे येते. पण आमच्या जिंतूरला गावाबाहेर पडलं की टेकड्या लागतात. तीनेक किलोमीटरवर नेमगिरीचा डोंगर, शेजारी चंद्रगिरी. नेमगिरीच्या गुहांमधली जैन मंदिरं बघायला लांबून माणसं येतात. मी मात्र सून म्हणून आल्यापासून तीस वर्षांत तिथे तीनदा गेले. तिन्ही वेळा पाहुण्यांबरोबर, जेवणाचे डबे सांभाळत.

एक्कावन्नाव्या वर्षी पाळी थांबली. गुडघे धरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला." मी म्हटलं, दिवसभर चालतेच की, चुलीपासून नळापर्यंत. त्या म्हणाल्या, "ते नव्हे. बाहेर, मोकळ्यावर." पाळी गेली की हाडं लवकर विरळ होतात, शरीराचं वजन पेलत चाललं तर ती टिकायला मदत होते, हे त्यांनी नीट समजावलं. आपल्या मराठवाड्यात हे सगळ्याजणींना कळायला हवं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणी काढल्याचं २०१९ साली उघडकीला आलं. त्यात अंडाशयंही गेली, तर हाडांची झीज कितीतरी आधी सुरू होते.

डॉक्टरांचं नाव सांगितल्यावर घरून परवानगी मिळाली. पहाटे पाचला निघायचं, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात आठ वाजताच ऊन भाजतं. साडीखाली कॅनव्हासचे बूट घातले तेव्हा गल्ली हसली. हातात काठी घेतली, ती उतरताना गुडघ्याला आधार आणि कुत्र्यांना धाक. वर्षभरात नेमगिरी न थांबता चढू लागले. फाल्गुनातला पळस मी पहिल्यांदा सावकाश बघितला.

मग एक दिवस आत्याबाईंनी विचारलं, "गुडघा बरा झाला ना आता? मग रोज कुठं चाललीस?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "अजून दुखतो." आणि त्यापुढे सहा महिने मी घरात लंगडत होते. डोंगरावर ताठ चालायचं आणि उंबऱ्याशी आलं की पाय ओढायचा! पन्नाशी उलटलेली, नातवंडं असलेली बाई मी. फिरायला जाता यावं म्हणून आजारी असल्याचं सोंग करत होते. पाणी, सरपण, देव, दवाखाना यासाठी बाई बाहेर पडली तर चालतं. आनंदासाठी पडली तर चालत नाही.

शेवटी खरं सांगितलं, "मला आवडतं म्हणून जाते." नवरा आठ दिवस बोलला नाही. मुलगा म्हणाला, "आई, लोक मला विचारतात." मी म्हटलं, "त्यांना माझ्याकडे पाठव." कुणी आलं नाही. आल्या त्या चार बाया, माझ्याच वयाच्या. आम्ही पाचजणी झालो. २०२३ साली बायकांना एस.टी.चं तिकीट निम्मं झालं, तेव्हा येलदरीला जाऊन पूर्णेवरचं धरण बघून आलो.

जपानच्या जुन्को ताबेई १९७५ साली एव्हरेस्टवर पोचणाऱ्या पहिल्या बाई. सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं त्यांनी पुरी केली ती १९९२ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. आपल्या बचेंद्री पाल यांनी २०२२ साली पन्नाशीपुढच्या बायकांना घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालय पायी पालथा घातला. आमची टेकडी त्यापुढे किती लहान! पण घरचा उंबरा सगळीकडे तेवढाच उंच.

एक गोष्ट सांगितली नाही तर हे भाषण खोटं ठरेल. एकदा उतरताना मोळी घेतलेली एक बाई भेटली, आमच्याच वयाची. म्हणाली, "तुमचं बरंय बाई, रिकाम्या हातानं वर जाता." आम्ही गप्प झालो. तिची मोळी उतरवली, शेजारी बसलो, पाणी प्यालो. ती रोज आमच्याहून जास्त चढते, पण तिच्या चालण्याला कुणी व्यायाम म्हणत नाही आणि तिला त्यात विसावाही नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंनी घ्या. घरात अडकलेल्या बाईला विनाकारण बाहेर पडता आलं पाहिजे. आणि डोक्यावर ओझं असलेल्या बाईला विनाकारण बसता आलं पाहिजे. दोघींचा हक्क एकच, स्वतःच्या वेळेवरचा. आपण मजुरी मागतो, गॅस परवडावा म्हणतो, तेव्हा त्यात हा वेळही मागतो आहोत, हे मोठ्याने म्हणू या. रस्त्यावर दिवे आणि बाईसाठी स्वच्छ मुतारी हीसुद्धा याचीच मागणी आहे. ती सोय नसते म्हणून कितीजणी पाणी न पिता बाहेर पडतात, हे आपण सगळ्या जाणतो.

उद्या पहाटे आम्ही पाचजणी नेमगिरीला जाणार आहोत. मुक्कामाला असलेल्यांनी जरूर यावं. घरी फोनवर कुणी विचारलं, "कशाला?" तर गुडघ्याचं नाव सांगू नका.