जाहिरात लागली की...

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



टीव्हीवर जाहिरात लागली की आमच्या घरात एकदम हालचाल सुरू होते. कुणी पाणी प्यायला उठतं, कुणी गॅस बंद करायला धावतं, कुणी तेवढ्यात एखादा फोन उरकून घेतं. जाहिरात म्हणजे मधली सुट्टी, हा आमचा तीस-चाळीस वर्षांचा रिवाज. पण माझी नात दीड वर्षाची होती तेव्हा तिचा हिशेब नेमका उलटा होता. मालिका चालू असेपर्यंत ती घरभर दुडदुडायची, आणि जाहिरात लागली की पळत येऊन टीव्हीसमोर उभी राहायची. डोळे मोठे, तोंड उघडं. माझी सून तेवढ्या वेळात तिला वरणभाताचे चार घास भरवून घ्यायची. जी गोष्ट आपण कटकट म्हणून सोडून देतो, ती एवढ्याशा जिवाला जागच्या जागी खिळवून ठेवते, म्हणजे तिच्यात काहीतरी असलं पाहिजे. त्या ‘काहीतरी’बद्दल आज बोलायचं आहे. मी जाहिरातीच्या धंद्यातली नाही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, संसार केला. जाहिरातींशी माझं नातं बघणारीचं, विकत घेणारीचं आणि एकदा चांगलीच फसलेलीचं.

माझ्या लहानपणी जाहिरात ऐकायची असे. 1967 मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा मी तेरा वर्षांची होते. गाणं कधी लागेल याची वाट बघता बघता दंतमंजनाची आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची वाक्यं कधी पाठ झाली, ते कळलंही नाही. पुढे 1976 च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर जाहिराती दिसू लागल्या. लग्न होऊन मी पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्यात आले, तेव्हा सगळ्या वाड्यात मिळून एक टीव्ही होता. रविवारच्या चित्रपटाला त्या बिऱ्हाडात पाय ठेवायला जागा नसे. गंमत म्हणजे चित्रपटातले संवाद दुसऱ्या दिवशी विसरायचे, पण पोरंटोरं अंगणात गिरक्या घेत साबणाच्या पावडरीचं गाणं म्हणत असायची.

त्या पावडरीचं नाव निरमा. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये घरच्या घरी बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केलेली ही पावडर. आपल्या मुलीचं नाव त्यांनी तिला दिलं. पिवळं पाकीट, पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी आणि जिभेवर बसणारी चाल. किंमत सर्फपेक्षा किती तरी कमी. बघता बघता ती घराघरांत पोचली आणि सर्फवाल्यांची झोप उडाली.

मग 1984 च्या सुमाराला टीव्हीवर आल्या ललिताजी. अॅलेक पदमसी यांच्या लिंटास कंपनीची ती जाहिरात. आपली आई भाजीवाल्याशी पैशापैशासाठी घासाघीस करायची, पण चांगल्या वस्तूला हात आखडता घ्यायची नाही, तिच्यावरून ललिताजी सुचल्या, असं पदमसींनी सांगितलं होतं. भूमिका केली होती कविता चौधरी यांनी. पुढे ‘उडान’ मालिका केली त्याच. 2024 मध्ये त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘उडान’इतकीच ललिताजींचीही आठवण काढली.

या ललिताजींवरून आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझ्या सासूबाईंना ती बाई मुळीच आवडायची नाही. “एवढी ठसक कशाला? साबण तर विकतेय!” असं त्या टीव्हीकडे बघून म्हणायच्या. मला मात्र ती फार आवडायची. तोवर जाहिरातीतली बाई एक तर लाजायची, नाही तर गाणं म्हणायची. ही हिशेब मांडत होती. स्वस्त वस्तू आणि परवडणारी वस्तू यांत फरक असतो, अर्धा किलोत जर किलोभराचं काम होत असेल तर महाग कोण, असं ती विचारत होती. महिन्याच्या वीस तारखेला डबे खरवडणाऱ्या बाईला चार पैसे जास्त खर्च करताना जी टोचणी लागते, त्या टोचणीवर तिनं बोट ठेवलं होतं. उधळेपणा नव्हे, हा शहाणपणा, असं सांगून मोकळं केलं होतं.

आणि एक दिवस काय झालं, दारावर केरसुण्या विकणारी आली. सासूबाई तिला म्हणाल्या, “तुझी स्वस्त असेल गं, पण दोन महिन्यांत झडते. मग महाग कोणती झाली?” मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. ललिताजी आवडत नव्हत्या, पण त्यांचा युक्तिवाद सासूबाईंनी उचलला होता. आम्ही शेवटी काय केलं? रोजच्या कपड्यांना पिवळं पाकीट, आणि ह्यांच्या ऑफिसच्या शर्टांना निळं. मला वाटतं, तेव्हा पुष्कळ घरांत असाच तह झाला असेल. एकानं गाणं वापरलं, दुसऱ्यानं तर्क, आणि दोन्ही लागू पडले. आवडणं वेगळं आणि परिणाम होणं वेगळं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

तिसरा प्रकार गोष्टीचा. 1996 साली धारा तेलाची जाहिरात आली होती. एक चिमुरडा रुसून घर सोडतो, रेल्वे स्टेशनवर जाऊन बसतो. ओळखीचे रामूकाका त्याला हळूच सांगतात, की घरी जिलबी केली आहे. झालं, राग विरघळतो आणि स्वारी परत फिरते. सगळे ती बघून हसायचे. मला मात्र हसू येईना. त्याच वर्षी दहावीच्या निकालाच्या दिवशी आमचा मुलगा ह्यांचं बोलणं ऐकून घरातून निघून गेला होता. रात्री अकरापर्यंत पत्ता नव्हता. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून होता, आणि खिशातले पैसे संपल्यावर आपणच चालत परत आला. ती जाहिरात लागली की आम्ही तिघंही काही न बोलता टीव्हीकडे बघत बसायचो. एकदा तो म्हणाला, “आई, मला कुणी जिलबीचं सांगितलंच नाही.” तेव्हा कुठे ह्यांना हसू फुटलं, आणि बापलेकांतली कोंडी सुटली. दुसऱ्या दिवशी मी जिलब्या केल्या. आता त्या कोणत्या तेलात तळल्या, ते तुम्हीच ओळखा!

नंतर मी विचार केला, की ही जाहिरात इतकी का लागली? तर तिच्यातून तेल काढून घेतलं की गोष्टच उरत नाही. तेल नाही तर जिलबी नाही, जिलबी नाही तर मुलगा परत येत नाही. एरवी कितीतरी जाहिराती आपल्याला आठवतात, कुत्रा आठवतो, नटी आठवते, पण वस्तू कोणती होती ते सांगता येत नाही. अशी जाहिरात बघणाऱ्याचं मनोरंजन करते आणि पैसे मोजणाऱ्याचं नुकसान.

याच कसोटीवर फेव्हिकॉलच्या जाहिराती मला सगळ्यांत वरच्या वाटतात. 2002 च्या सुमाराची ती बसची जाहिरात आठवा. वाळवंटातून जाणारी बस. टपावर, मागे, बाजूला माणसंच माणसं लटकलेली. रस्त्यावर खाचखळगे, बस हेलकावे खाते, पण एक माणूस खाली पडेल तर शपथ. बस पुढे जाते आणि तिच्या मागच्या बाजूला फेव्हिकॉलचा फलक दिसतो. संवाद नाही, नट नाही, दावा नाही. या जाहिराती करणाऱ्या चमूचे म्होरके पीयूष पांडे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. सुताराच्या डब्यातली ही वस्तू, पण आज एखादा खुर्ची सोडत नसला की आपण म्हणतो, ‘फेव्हिकॉल लावून बसलाय.’ जाहिरात भाषेत शिरली, की तिचं काम झालं.

आता माझ्या फसण्याची गोष्ट.

2012 मध्ये मी निवृत्त झाले. हातात थोडे पैसे आले. त्या दिवसांत संध्याकाळच्या मालिकेच्या मधे रोज एक जाहिरात लागायची. शहरापासून तासाभरावर बंगल्यांसाठी प्लॉट. हिरवीगार हिरवळ, झोपाळ्यावर आजोबा, मांडीवर नातू, आणि शेजारी उभा राहून बोलणारा एक नट. त्याचं नाव घेत नाही, पण आमच्या तरुणपणापासूनचा तो लाडका. पडद्यावर तो कधी खोटं बोललाच नव्हता. पहिल्यांदा बघितली तेव्हा आम्ही लक्षही दिलं नाही. महिनाभरानं हे म्हणाले, “एकदा बघून तर येऊ.” दोन महिन्यांनी आम्ही सव्वाचार लाख रुपये भरले. पावती मिळाली, छापील पुस्तिका मिळाली, चहा मिळाला. प्लॉट मिळाला नाही. जागेवर चार खांब आणि एक गंजलेली कमान होती, आजही आहे. पुढे त्या पुस्तिकेत आणि जाहिरातीतही खाली अगदी बारीक अक्षरांत काय लिहिलं होतं, ते मुलानं दाखवलं: ‘कल्पनाचित्र’. हिरवळ काढलेली होती, झोपाळा काढलेला होता.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की केरसुणीसाठी घासाघीस करणाऱ्या घरातली मी, एवढी कशी वाहवत गेले? रॉबर्ट झायॉन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. अर्थ नसलेले शब्द, न कळणाऱ्या लिपीतली अक्षरं त्यानं लोकांना दाखवली. काही एकदाच, काही पुन्हा पुन्हा. जी जास्त वेळा दिसली, ती लोकांना जास्त बरी वाटली. कारण एवढंच, की ती ओळखीची झाली होती. आमचंही तेच झालं. रोज सात वाजता दिसणारी ती हिरवळ आम्हाला ओळखीची वाटू लागली, आणि ओळखीचं ते खरं वाटू लागलं. त्यात तो नट. त्याच्यावरचा आमचा तीस वर्षांचा विश्वास त्या कंपनीनं भाड्यानं घेतला होता, आणि भाडं आम्ही भरलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण ह्यांना जास्त लागलं ते वेगळंच. त्या नटाचा जुना चित्रपट लागला, की आजही हे काही न बोलता चॅनल बदलतात.

म्हणून जाहिरात वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. कारण हाच उसना विश्वास मी दुसऱ्या बाजूनंही बघितला आहे. पल्स पोलिओच्या रविवारी आम्हा शिक्षकांना बूथवर ड्यूटी असायची. सुरुवातीला दारोदार फिरून विनवण्या कराव्या लागत. मग अमिताभ बच्चन टीव्हीवरून ‘दो बूंद जिंदगी की’ सांगू लागले. एका जाहिरातीत तर ते चक्क रागावले होते. त्यानंतर एका रविवारी एक बाई दोन पोरांना ओढत आणून मला म्हणाली, “बाई, पाजा लवकर, ते अमिताभ बच्चन लई चिडलेत!” भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला, आणि 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे यश लस पाजणाऱ्या लाखो हातांचं, पण त्या बाईला बूथपर्यंत आणलं ते जाहिरातीनं. हत्यार एकच, फरक एवढाच की इथे सांगितलेलं खरं होतं.

आमच्या वेळी नव्हत्या अशा काही गोष्टी आता आहेत, त्या सांगते, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडतील. 2017 पासून महाराष्ट्रात महारेरा आहे. घरांच्या किंवा प्लॉटच्या नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत त्याचा नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो, आणि 2023 पासून सोबत क्यूआर कोडही. तो मोबाइलवर बघितला की प्रकल्पाची माहिती पुढे येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं फसव्या जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही जबाबदार धरलं आहे. दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय जाहिराती करायला काही काळ बंदी. आपण पुरेशी खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तरच त्यातून सुटका. 2022 च्या नियमांनुसार खालची टीप दाव्याच्याच भाषेत आणि वाचता येईल अशी हवी. कायदा आहे, पण चष्मा आपल्यालाच लावावा लागतो.

माझी नात आता बारा वर्षांची आहे. आम्ही दोघी एक खेळ खेळतो. जाहिरात संपली की मी विचारते, “कशाची होती?” निम्म्या वेळा दोघींनाही सांगता येत नाही. सांगता आलं, तर पुढचा प्रश्न: “यात वस्तूबद्दल खरं असं काय सांगितलं?” यावर ती बोटं मोजते. बहुतेकदा एकाही बोटाची गरज लागत नाही. परवा एका जाहिरातीनंतर मी प्रश्न विचारायच्या आधीच ती म्हणाली, “आजी, खाली काहीतरी लिहिलं होतं बघ. वाचायच्या आत गेलं.”

शेजारी हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, “पुन्हा लागेल. तेव्हा आधी तेच वाच.”