नावात हापूस, दुकानात काय?

(नवी मुंबईतील छोट्या व्यावसायिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



या विषयावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी संयोजकांना म्हटले, मी कलाशाखेचा पदवीधर, सारे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेलेले. संगणकाच्या गोष्टी मी काय सांगणार? ते म्हणाले, ‘‘तुम्ही तीस वर्षे मथळे लिहिलेत ना? मग हा प्रश्न मथळ्याचाच आहे.’’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

प्रश्न माझ्यापर्यंत आला तो नेरुळच्या एका तरुण दांपत्याकडून. मुलगा मूळचा देवगड तालुक्यातला, घरची हापूसची कलमे आहेत. नवरा-बायको मिळून घरूनच हापूस, आगळ, काजूगर, फणसपोळी असा कोकणमेवा महाजालावरील आपल्या छोट्या दुकानातून विकतात. हंगामाच्या तोंडावर एक सल्लागार त्यांच्याकडे आला. त्याचे म्हणणे असे, की तुमच्या दुकानाचे नाव कोणी शोधत नाही. लोक शोधतात ‘देवगड हापूस नवी मुंबई’. तेव्हा नेमक्या याच शब्दांचे डोमेन घेऊ, त्यावर चार-पाच पानांची मायक्रोसाइट, म्हणजे त्या एका शब्दापुरते काढलेले छोटे संकेतस्थळ उभारू, तिथून तुमच्या दुकानाकडे दुवा देऊ. गूगलच्या पहिल्या पानावर आलात म्हणून समजा. खर्च चाळीस हजार, शिवाय दरवर्षीची देखभाल वेगळी. त्या घरात तेवढीच रक्कम पेट्या, गवत आणि वाहतुकीसाठी बाजूला काढलेली होती. मुलाने मला विचारले, ‘‘काका, द्यावेत का?’’

मी म्हटले, आधी हे यंत्र निवड कशी करते ते पाहू.

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल सुरू केले, तेव्हा त्यांची मूळ कल्पना विद्वानांच्या जगातून उचललेली होती. ज्या ग्रंथाचा हवाला इतर ग्रंथकार देतात तो महत्त्वाचा, आणि हवाला देणारा जितका मोठा तितके त्याचे वजन अधिक. महाजालावरील दुवा म्हणजे असाच हवाला. पुढे यात शेकडो निकषांची भर पडली, पण गाभा राहिला तो हाच, की दुसरे तुमच्याविषयी काय म्हणतात. आता मायक्रोसाइटकडे पाहा. तिला कोणीही ओळखत नाही. तिची पत शून्य. अशा शून्याने आपल्याच मालकाच्या दुकानाला दिलेला दुवा म्हणजे उमेदवाराने आपल्याच घरातून जमवलेले शिफारसपत्र.

मग सल्लागार खोटे बोलत होता का? तसे मी म्हणणार नाही. तो जुने बोलत होता. एके काळी डोमेनच्या नावातच शोधशब्द असला की त्या संकेतस्थळाला खरोखर वरचे स्थान मिळे, आणि त्या जोरावर अक्षरशः पोकळ संकेतस्थळांचे पीक आले होते. सप्टेंबर २०१२मध्ये गूगलने त्यावर बडगा उगारला. तेव्हाचे तिथले अधिकारी मॅट कट्स यांनी जाहीर केले, की अमेरिकेतील इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर या बदलाचा जाणवण्याइतका परिणाम होईल. रोख होता तो निकृष्ट संकेतस्थळांवर. मजकूर दर्जेदार असेल तर केवळ नावात शब्द आहे म्हणून शिक्षा नव्हती. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण ‘अशा नावाने नुकसानच होते’ असे सांगणारेही भेटतात. तेही खरे नाही. गूगलची नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिका आज स्वच्छ सांगते, की डोमेनमधील शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. ग्राहकाला केवळ दुसऱ्या दुकानाकडे ढकलण्यासाठी उभारलेली जवळपास सारखीच पाने गूगल ‘डोअरवे’, म्हणजे नुसती दारे, या सदरात टाकते आणि ते नियमभंग मानते. २०१५मध्ये या धोरणाची धार आणखी वाढवली गेली. आज ‘देवगड हापूस नवी मुंबई’, उद्या ‘रत्नागिरी हापूस पनवेल’, परवा ‘हापूस खारघर’, असा सल्लागाराचा पुढचा बेत असेलच, तर तो थेट या सापळ्यात जातो. आणि दुकानातलाच मजकूर तिथे पुन्हा चिकटवला, तर दोन सारख्या पानांपैकी बहुधा एकच पान दाखवले जाते. ते कोणते, हे ठरवणारे तुम्ही नसता.

आपल्या शहरातले उदाहरण घ्या. १९९६मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटातून इथे वाशीला आला. एप्रिलमध्ये तिथे फेरी मारा. ज्या गाळ्यापुढे पाहाल तिथे हापूसच. जाणता गिऱ्हाईक पाटी वाचत फिरत नाही. तो ठरावीक व्यापाऱ्याकडे जातो, पेटीवरचे बागायतदाराचे नाव पाहतो. उलट पाटीवर भाळणाऱ्याच्या घरी परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने जातो, हे दुखणे आपल्याला नवे नाही. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. त्याने भागले नाही, म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामापासून फळागणिक स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले. ज्या नावाच्या खरेपणासाठी उत्पादकांना इतके करावे लागते, ते नाव डोमेन म्हणून वर्षाला हजार-बाराशे रुपयांत कोणालाही नोंदवता येते. शोधयंत्राने त्यावर विश्वास का ठेवावा? जाता जाता एक गोष्ट. मानांकित नाव व्यापारासाठी वापरणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. डोमेन घेतल्याने तो हक्क येत नाही. त्या मुलाने आपल्या वडिलांची नोंदणी झाली आहे का, हे त्या दिवशी पहिल्यांदा विचारले!

वेगळे संकेतस्थळ कधी काढावे? जेव्हा ग्राहकच वेगळा असेल तेव्हा. उद्या हे दांपत्य आखातात घाऊक निर्यात करू लागले, तर त्या खरेदीदाराला किरकोळ पेटीच्या दराशी कर्तव्य नाही. त्याच्यासाठी वेगळी जागा शोभेल. तीही त्याच्या सोयीसाठी, क्रमवारीसाठी नव्हे. सल्लागाराला एकच प्रश्न विचारावा : या नव्या जागी असे काय असेल, जे माझ्या दुकानाच्या एका पानावर मावत नाही? उत्तर ‘नाव’ एवढेच आले, तर पैसे खिशात ठेवावेत.

आम्ही काय केले ते सांगतो. दुकानातच हापूसचे एक स्वतंत्र पान केले. ते सुनेने लिहिले. फळ कधी उतरवतात, अढी कशी लावतात, घरी आल्यावर पेटी कुठे ठेवावी, साका निघाला तर काय करायचे, नेरुळपासून कुठवर घरपोच देतो आणि कधी नाही म्हणतो, हे सारे तिने लिहिले. मी फक्त विशेषणे कापली. हे पान हंगाम संपल्यावर काढायचे नाही, पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर टाकायचेही नाही. तोच पत्ता वर्षानुवर्षे ठेवला तरच त्याची पत साठते. गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे फुकट साधन जोडले. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत आले, आपण किती वेळा दिसलो, किती जणांनी क्लिक केले, हे त्यात कळते. हापूस, आंबा पेटी, अल्फान्सो, आणि यांची रोमन लिपीतली नाना रूपे. ग्राहकाचे शब्द त्याच्याकडूनच समजून घ्यावेत. नकाशावरील ‘बिझनेस प्रोफाइल’ही नोंदवले. मात्र ते कोणाला मिळते? ज्यांच्याकडे ग्राहक प्रत्यक्ष येतो किंवा जे स्वतः घरी पोचवतात त्यांनाच. निव्वळ कुरियरने विकणाऱ्याने तिथे खोटा पत्ता टाकू नये.

याचे फळ आठवड्यात मिळत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. एका हंगामाचे आकडे दुसऱ्या हंगामाशी ताडून पाहावे लागतात. त्या चाळीस हजारांच्या पेट्या आल्या.

एक गोष्ट मात्र मला मागाहून कळली. सल्लागाराच्या आग्रहाला बळी पडून मुलाने ते लांबलचक डोमेन आधीच विकत घेऊन ठेवले होते. आता ते दुकानातील हापूसच्या पानाकडे कायमचे वळवले आहे. मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करायचे की नाही, यावर त्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.