नकाशावर आधी मे महिन्याचं पाणी



आपली ही जलवाहतुकीची परिषद मोहर्लीत, इरई धरणासमोर भरली आहे. अध्यक्षाने आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मुंबई-मांडवा रो-रो बोट 2020 पासून चालते, दाभोळ-धोपावे फेरीबोट तर त्याच्या कितीतरी आधीपासून. 1917 चा कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. आढावा इथेच थांबवतो. बरीच वर्षं मनात साठलेलं एकच बोलायचं आहे.

जलाशयावरचा धक्का काढायला बसलो की आपण पहिली रेघ पूर्ण संचय पातळीची मारतो. उद्घाटनालाही पाणी काठोकाठ असतं. समुद्राचं वेगळं: मुंबईत मोठ्या ओहोटीला पाणी साडेचार-पाच मीटर उतरतं आणि पुढच्या सहा तासांत परत चढतं. समोरच्या इरई धरणाचं पाणी महाऔष्णिक केंद्राला आणि चंद्रपूर शहराला जातं; ते उतरलं की पावसाळ्यापर्यंत उतरलेलंच. अशा जलाशयांवर मेमध्ये धक्का कोरडा पडतो आणि पुढे गुडघाभर गाळ.

काल स्थिर धक्का की तरंगता, यावर बराच वाद झाला. तरंगत्याच्या बाजूच्या मित्रांनी एक हिशेब करावा. पातळी दहा मीटर उतरत असेल आणि जोडपुलाचा उतार 1:12 हून तीव्र नको असेल, तर पूल 120 मीटर लांब लागतो. एवढा पैसा तालुक्याच्या घाटाला कुणी देत नाही. स्थिर धक्क्याचा कैवार घेणाऱ्यांनाही सांगतो. भंडाऱ्याकडच्या एका जलाशयावर मी सिमेंटचा देखणा घाट पाहिला आहे. शेवटची पायरी संपली की चिखल, आणि त्यातून भारे घेऊन चालणाऱ्या बाया. पलीकडे एका ढिवर नावाड्याने मुरमाच्या उतारावर ड्रम आणि फळ्यांचा तराफा ठेवला होता. पाणी मागे सरलं की तोही दोर सोडून तराफा खाली सरकवायचा. सगळी माणसं तिथूनच चढत होती. माझ्यापुरता वाद तिथे मिटला. नीचतम पातळीपर्यंत खरबरीत उतार बांधा आणि त्यावर चाकांचा छोटा तराफा विंचने खालीवर करा.

‘हा खेड्यांचा प्रश्न, मरिनाचा नव्हे,’ असं काल कुणी म्हणालं. मला ते फार लागलं. वैनगंगा-प्राणहिता 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 109 झाली. त्याच वैनगंगेत जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ डोंगा उलटला आणि मिरची तोडायला निघालेल्या बाया बुडाल्या. चारच महिन्यांनी, मेमध्ये, उजनी जलाशयात कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. वळवाचा वारा उताराने थांबत नाही, हे मला कळतं. पण धक्का नीट असेल तर तिथे माणूस नेमता येतो, जॅकेटं ठेवायला खोली मिळते, वारा मोजता येतो आणि ‘आज नाव सोडायची नाही’ असं कुणी अधिकाराने सांगू शकतं. रोज पलीकडे मजुरीला जाणाऱ्या बाईला हे आधी मिळालं पाहिजे. पर्यटकाची कॉफी त्यानंतर.

विदर्भातल्या नावेच्या घाटांची यादी आपण करावी, एक नमुना आराखडाही काढावा. कुणी आणि केव्हा, ते कार्यकारिणी ठरवील. पुढच्या परिषदेत मात्र ज्या नकाशावर मे महिन्याची पातळी नसेल, तो मांडणाऱ्याला मी सभागृहात उभा राहून जाब विचारणार आहे. तेव्हा मी अध्यक्ष नसेन, तरीही विचारीन.