सवाब अल्लाह देईल, पगार आपण द्यायचा आहे
(जागतिक दिव्यांग दिनानिमित्त काळजीवाहक कर्मचाऱ्यांच्या सत्कार समारंभातील भाषण)



दिव्यांगांची देखभाल करणाऱ्या मावश्या, आया, अटेंडंट आणि विशेष शाळांतले मदतनीस यांचा आज सत्कार झाला. तो व्हायलाच हवा होता. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या आशयाची हदीस आपण सगळे ऐकत आलो आहोत. पण शाल आणि गुलाबपुष्प दिलं म्हणजे आभार मानून झाले का, याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

आपल्याकडे एक वाक्य सहज बोललं जातं : "तुम्हाला याचा सवाब मिळेल." भावना चांगलीच आहे. पण पगारवाढीचा किंवा सुट्टीचा विषय निघाला की हेच वाक्य उत्तर म्हणून पुढे केलं जातं, हे बरोबर नाही. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात गरीब आणि गरजवंतांच्या पाठोपाठ जकात वसुलीचं काम करणारे येतात. म्हणजे धर्मकार्य करणाऱ्यालाही त्याच्या कष्टाचा मोबदला आहे. मग रात्र रात्र जागणाऱ्या मावशीला फक्त दुआ देऊन कसं भागेल?

इतिहासातही दाखला आहे. उमय्या खलिफा पहिला वलीद याने इ.स. ७०५ ते ७१५ या काळात राज्य केलं. त्याने चालता न येणाऱ्याला सेवक आणि अंधाला वाटाड्या नेमून दिला, अशी नोंद इतिहासकार तबरी यांनी केली आहे. तो राजा आदर्श होता असं मी म्हणत नाही. पण दिव्यांगाला सोबतीचं माणूस देणं ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार तेव्हाही माहीत होता.

आज आपल्याकडे संविधान आहे आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आहे. या कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली. पगार घेणारे आणि न घेणारे, आई-वडीलसुद्धा, त्यात येतात. कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पाचरही तिथे आहे. म्हणून मागणी लावून धरावी लागेल.

हे काम बहुतेक बायकाच करतात. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हापासून आपण तलाकपीडित बहिणींबद्दल बोलतो आहोत. नवऱ्याने सोडलेल्या, फारसं न शिकलेल्या बाईला जी कामं चटकन मिळतात त्यांत हे एक आहे. शिक्षण विचारलं जात नाही, म्हणून हे काम बिनकौशल्याचं ठरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला ठसका न लागता भरवणं, मोठ्या माणसाला खुर्चीत बसवताना त्याला आणि स्वतःच्या कंबरेला जपणं, हे शिकावं लागतं.

आणखी एक गोष्ट. आभार मानताना आपण त्या दिव्यांग व्यक्तीसमोरच म्हणतो, "याचं करणं किती कठीण, धन्य आहे तुमची!" ऐकणाऱ्याला त्यातून काय कळतं? आपण ओझं आहोत. काळजीवाहकाचा मान वाढवताना दुसऱ्याचा मान कमी करू नका. आभार कसे मानायचे हे आधी त्या व्यक्तीलाच विचारा. तिला ते स्वतः मानायचे असतील.

मग घरात काय करायचं? त्यांना नावाने ओळखा. ठरलेल्या तारखेला, न मागता पगार द्या. आठवड्याची एक सुट्टी द्या आणि त्या दिवशी घरातल्या मुलांनी, पुरुषांनीही ते काम करावं; केल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. रमजानमध्ये रोजा असेल तर कामाची वेळ बदला, इफ्तारला सोबत बसवा. काम सोडून जाताना अनुभवाचं पत्र द्या, पुढच्या ठिकाणी ते उपयोगी पडतं.

आणि जमातीच्या, मोहल्ल्याच्या कमिट्यांना माझी विनंती आहे. ज्या घरांना पगारी माणूस परवडत नाही, तिथे बहुतेक वेळा आईच वर्षानुवर्षं एकटी राबते. तिला महिन्यातून दोन दिवस तरी मोकळे मिळावेत म्हणून बदली काळजीवाहकाचा खर्च बैतुलमालमधून उचलता येईल का, हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. बैठकीला दिव्यांग साथींना आणि आज सत्कार झालेल्या एखाद्या मावशींनाही बोलवा. किती पैसे लागतील, कोणत्या वेळा अडचणीच्या असतात, हे त्या आपल्यापेक्षा नेमकं सांगतील.

जय संविधान.