घरांतील इंटरनेटची मंद गति

पुण्यांतील एका सुशिक्षित कुटुंबाची ही हकीकत. श्रोत्यांपैकीं कित्येकांना ती आपल्याच घरची वाटेल. संध्याकाळीं परगांवचा मुलगा पडद्यावर येई, आजारी आईची विचारपूस करूं लागे आणि अर्ध्या वाक्यांत त्याचें तोंड उघडेंच राही. यजमानांनीं १०० मेगाबिटांची योजना सोडून ३०० ची घेतली. बिल वाढलें, मुलाचें तोंड पूर्ववत् उघडें राहिलें!

अशा वेळीं पहिला संशय कंपनीवर घेण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वीं निराधार नव्हे; तथापि पुष्कळदां दोष उंबरठ्याच्या आंतच असतो. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप राउटरला तारेनें जोडावा, इतर उपकरणें बंद ठेवावीं व वेग मोजावा. मग तार काढून अडचणीच्या खोलींत पुन्हा मोजावा.

या घरीं तारेवर ९४ हा आंकडा आला. तो जाणत्यांच्या ओळखीचा आहे. तारेंत आठ धागे, म्हणजे चार जोड्या असतात. हजार मेगाबिटांच्या जोडणीला चारही जोड्या शाबूत लागतात. एखादा धागा तुटला कीं जोडणी बहुधा १०० वर उतरते आणि व्यवस्थेचा खर्च वजा जातां ९४ च्या आसपास उरतात. मग योजना ३०० ची असो वा ५०० ची! तार बदलतांच आंकडा २८० च्या पुढें गेला. (कंपनी बिटांत मोजते, संगणक पुष्कळदां बाइटांत दाखवितो, १०० चे १२.५ दिसले तर ती फसवणूक नव्हे.)

आईच्या खोलींत मात्र अवघे ३ भरले. राउटर दारामागें, पोलादी कपाटाच्या आड टांगलेला. मध्यें दोन भिंती. शिवाय आईचा जुना फोन केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारा. या पट्ट्यांत एकमेकांस न अडविणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. संध्याकाळीं साऱ्या इमारतीचे राउटर त्यांतच गर्दी करतात. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीहि याच लहरींच्या जवळपास चालते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा व वेगवान खरा, परंतु भिंतीपुढें तो लवकर हात टेकतो.

राउटर मधल्या खोलींत उंच फळीवर आला, मार्ग ११ चा १ केला. चित्रासह संभाषणास चार-पांच मेगाबिट पुरतात, हें ध्यानीं येतांच योजना पुन्हा १०० ची झाली. आतां मुलाचें बोलणें पुरें ऐकूं येतें. फक्त आईचें दूध तापविण्याचें काम सून संभाषणानंतर करते.